सहीच्या आधी

लिव्हरची बायोप्सी ठरली की रुग्णाच्या हाती बहुधा एक चिठ्ठी येते. अमुक तारखेला सकाळी उपाशीपोटी या, रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफीच्या फिल्म आणा, सोबत घरचे कोणीतरी असू द्या. घरात या चिठ्ठीलाच तयारी म्हणतात. मुलगा रजा टाकतो, पैशांची जुळवाजुळव होते, आदल्या रात्री लवकर जेवून घेतले जाते. हे सगळे करायला हवेच. पण ही तपासणी कशासाठी आहे, तिच्यातून काय कळणार आहे आणि जे कळेल त्याने उपचारात काय फरक पडणार आहे, हे न विचारताच टेबलावर जाऊन झोपणारी माणसे आजही खूप आहेत. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. बायोप्सीची खरी तयारी या प्रश्नांपासून सुरू होते, असे माझे ठाम मत आहे आणि ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझी आणि रुग्णाची भेट सहसा होत नाही. माझ्याकडे येते ती फॉर्मॅलिनची छोटी बाटली आणि तिच्या तळाशी पडलेला, शेवयाच्या तुकड्यासारखा बारीक, तपकिरी असा यकृताचा अंश. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलोचे असते. बायोप्सीच्या सुईत येणारा तुकडा म्हणजे त्याचा जेमतेम ५०,०००वा हिस्सा. तो मेणात बसवून त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट जाडीचे काप काढायचे, काचेच्या पट्टीवर चिकटवायचे आणि वेगवेगळ्या रंगांनी रंगवायचे. मॅसन ट्रायक्रोमच्या रंगात यकृतात माजलेले कोलॅजेनचे धागे निळे दिसतात, पर्ल्सच्या रंगात साठलेले लोह दिसते, तर साध्या गुलाबी-जांभळ्या रंगातही चरबीचे थेंब, सूज आणून बसलेल्या पेशी, मेलेल्या पेशी ओळखू येतात. यकृतात किती चट्टे पडले आहेत, याचे टप्पे शून्य ते चार असे मोजले जातात. शून्य म्हणजे चट्टे नाहीत, चार म्हणजे सिरॉसिस.

हे सगळे वाचून वाटेल की तुकडा मिळाला की सत्य मिळाले. तसे नसते. २००२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस सीच्या १२४ रुग्णांच्या यकृताच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही भागांतून तुकडे घेऊन तपासले. साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये दोन्ही बाजूंच्या चट्ट्यांत निदान एका टप्प्याचा फरक निघाला. आजार तोच, माणूस तोच, दिवस तोच. म्हणून तुकडा जितका लांब तितका आमचा शब्द भरवशाचा. दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचा अखंड तुकडा आणि त्यात रक्तवाहिन्या व पित्तनलिका एकत्र असतात अशी किमान अकरा ठिकाणे मिळाली, तर टप्पा खात्रीने सांगता येतो. एक सेंटिमीटरचे चुरगळलेले तुकडे आले, तर मला रिपोर्टात 'नमुना अपुरा' असे लिहावे लागते आणि रुग्णाने सोसलेले सगळे वाया जाते. सुई एकदा घालणार की दोनदा, हा प्रश्न रुग्णाने विचारायला हरकत नाही. पहिला तुकडा तोकडा आला तर डॉक्टर दुसऱ्यांदा सुई घालतात. हे आधी ठाऊक असलेला माणूस टेबलावर दचकत नाही.

या बाटलीबरोबर एक कागद येतो. त्यावर रुग्णाचे नाव, वय आणि खाली 'थोडक्यात माहिती' असा रकाना. हा रकाना किती वेळा कोरा असतो किंवा त्यात प्रश्नचिन्ह टाकून 'सिरॉसिस' एवढेच लिहिलेले असते, हे सांगताना मला मनापासून वाईट वाटते. यकृताला दुखापत झाली की ती दाखवण्याच्या त्याच्या तऱ्हा मोजक्या आहेत. पेशी सुजतात, मरतात, चरबी साठते, पित्त अडते, चट्टे पडतात. एखाद्या औषधाने झालेली इजा आणि शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेला हल्ला, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिस, सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. त्यांच्यात फरक करायचा तर रुग्णाने गेल्या सहा महिन्यांत काय काय घेतले, हे कळावे लागते. वॉर्डात फोन करून विचारले की उत्तर येते, 'काही नाही, बीपीची गोळी फक्त.' मग आणखी खोदले की निघते: काढा घेत होते, गावाकडच्या वैद्याची पुडी होती, जिमवाल्याने पावडर दिली होती, सांधे दुखायचे म्हणून बाटलीतले आसव चालू होते.

२०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. करोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेतलेल्या या लोकांच्या यकृताला इजा झाली होती आणि तिचे रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखे होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर जाहीर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी तज्ज्ञांशी घालावा. रुग्णाने मात्र त्यातून एवढे घ्यावे की 'नैसर्गिक आहे, ते काय सांगायचे' असे म्हणून कोणतीही वस्तू लपवू नये. बायोप्सीच्या आधी घरातली सगळी औषधे, पुड्या, बाटल्या, टॉनिके एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि त्यांची नावे तपासणीच्या कागदावर लिहायला सांगावीत. डॉक्टर रागावतील म्हणून माणसे गप्प राहतात. रागावलेले डॉक्टर परवडतात, चुकलेले निदान परवडत नाही. दारूचेही तसेच. सुनेसमोर, मुलासमोर खरे सांगायची लाज वाटत असेल तर दोन मिनिटे डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे, असे सांगावे. तो तुमचा हक्क आहे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाकडे येतो. या बायोप्सीने माझा उपचार बदलणार आहे का?

हा प्रश्न उद्धट वाटतो म्हणून लोक विचारत नाहीत. पण तो प्रश्न यकृताच्या डॉक्टरांनी स्वतःलाच गेली कित्येक वर्षे विचारला आहे आणि त्याचे उत्तर बदलत गेले आहे. यकृतात पहिल्यांदा सुई घालून नमुना घेतला तो जर्मनीत पॉल एरलिख यांनी, १८८३ साली, मधुमेह झालेल्यांच्या यकृतातल्या ग्लायकोजेनचा अभ्यास करण्यासाठी. १९३९ साली कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी कावीळ समजून घेण्यासाठी ही पद्धत वापरली आणि १९४५ साली लंडनच्या शीला शेरलॉक यांनी तिच्यावर लिहिले. पुढे त्या यकृतविज्ञानाच्या आद्य शिक्षिका ठरल्या. १९५८ साली इटलीच्या मेंगिनी यांनी अशी सुई आणि अशी रीत दाखवली की सुई यकृताच्या आत राहण्याचा वेळ जेमतेम एका सेकंदावर आला. तेव्हापासून चाळीसेक वर्षे यकृताचे जवळजवळ प्रत्येक कोडे बायोप्सीनेच सोडवायची पद्धत होती, कारण दुसरे साधनच नव्हते.

आज साधने आहेत. हिपॅटायटिस सीवर २०१४ च्या सुमारास थेट विषाणूवर मारा करणाऱ्या गोळ्या आल्या. आता या आजारात उपचार सुरू करायला बायोप्सी सहसा लागत नाही. सिरॉसिस असलेल्या माणसाच्या यकृतात गाठ दिसली आणि तिन्ही टप्प्यांच्या सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये तिचे ठरावीक रूप दिसले, तर यकृताच्या कॅन्सरचे निदान सुईशिवायही पक्के होते. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत आधी वय, दोन एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून काढलेला फिब-४ हा आकडा पाहतात. तो १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेले चट्टे असण्याची शक्यता कमी असते (पासष्टीच्या पुढे ही सीमा २ धरतात). २.६७ च्या वर गेला तर काळजीने पुढे पाहायचे. त्यानंतर फायब्रोस्कॅन. २००३ च्या सुमारास फ्रान्समधून आलेले हे यंत्र बरगड्यांवरून एक हलका धक्का देऊन यकृत किती कडक झाले आहे ते मोजते. त्याच्याही मर्यादा आहेत. नुकतेच पोटभर जेवलेले असाल, पोटात पाणी असेल, यकृत ताजे सुजलेले असेल, तर आकडा फसवा येतो. भारतात फॅटी लिव्हरचे रुग्ण इतके आहेत की २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. त्या सगळ्यांना सुई लावणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही.

म्हणजे बायोप्सी संपली का? मुळीच नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा संशय आहे आणि स्टेरॉइड सुरू करायचे आहेत, तेव्हा तुकड्याशिवाय पाऊल टाकणे धोक्याचे असते. रक्ताच्या सगळ्या तपासण्या करूनही एन्झाइम का वाढले ते कळत नाही, तेव्हा बायोप्सी लागते. यकृत प्रत्यारोपण झालेल्या माणसाचे शरीर नवे यकृत नाकारत आहे की औषधाचा त्रास आहे, हेही बहुधा तिच्यातूनच ठरते. फिब-४ एक सांगतो आणि फायब्रोस्कॅन दुसरे, तेव्हा भांडण तुकडाच मिटवतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: 'डॉक्टर, रिपोर्ट अमुक आला तर तुम्ही काय कराल आणि तमुक आला तर काय कराल?' दोन्ही उत्तरे एकच असतील तर पुढचा प्रश्न आपोआप येतो, मग ही तपासणी आत्ताच का? दोन्ही वेगळी असतील तर रुग्णाला आपण काय मिळवायला जातो आहोत, ते स्पष्ट होते. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याला बोलायला जागा मिळते.

याच बैठकीत एक गोष्ट विचारायची राहून जाते आणि ती आमच्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तुकडा फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आहे की आणखी कशासाठी? फॉर्मॅलिनमध्ये ऊती टिकते, पण जंतू मरतात. क्षयरोगाचा संशय असेल आणि कल्चर करायचे असेल तर तुकड्याचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये पाठवावा लागतो. आपल्याकडे क्षयरोग यकृतातही सापडतो, त्यामुळे हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. विल्सनच्या आजारात यकृतात तांबे साठते. कोरड्या ऊतीच्या दर ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त तांबे निघाले तर निदानाला बळ मिळते, पण ते मोजायचे असेल तर प्रयोगशाळेला तसे आधीच कळवलेले बरे. सुई काढून झाल्यावर 'अरे, कल्चरला पाठवायला हवे होते' असे कोणाच्या लक्षात आले तर त्याचा अर्थ एकच, पुन्हा सुई.

आता भीतीबद्दल. बायोप्सी म्हटली की घरात कॅन्सर हा शब्द येतोच. यकृताच्या बहुतेक बायोप्सी कॅन्सरसाठी नसतात, त्या सूज आणि चट्टे पाहण्यासाठी असतात, हे आधी सांगून टाकतो. दुसरी भीती अशी की सुई लावली की आजार पसरतो. हिला निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. यकृताच्या कॅन्सरच्या गाठीत सुई घातल्यावर सुईच्या वाटेत पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत आणि २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २.७ टक्के निघाले. म्हणूनच स्कॅनवर निदान पक्के होत असेल तर आणि शस्त्रक्रिया किंवा प्रत्यारोपण होण्यासारखे असेल तर डॉक्टर गाठीला सुई लावायची घाई करत नाहीत. गाठीसाठी बायोप्सी सुचवली असेल तर 'स्कॅनवरून निदान होणार नाही का?' हे जरूर विचारा. पण कावीळ, फॅटी लिव्हर, ऑटोइम्यून आजार यांसाठी घेतलेल्या तुकड्याशी या भीतीचा काही संबंध नाही. शेजारच्या बाईंच्या दिराला काय झाले, त्यावरून आपल्या आईची तपासणी अडवू नका.

खरी काळजी घ्यायची ती रक्तस्रावाची. यकृत हा रक्ताने भरलेला अवयव आहे. १९८६ साली इटलीतून ६८,२७६ बायोप्सींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्या काही गुंतागुंती झाल्या त्यातल्या सुमारे ६० टक्के पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्के पहिल्या चोवीस तासांत दिसून आल्या. रुग्णालयात ठेवून घ्यावे लागेल इतका रक्तस्राव साधारण ५०० जणांमागे एकाला होतो. मृत्यू फार विरळा, १०,००० मागे एक किंवा त्याहून कमी. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. शून्य धोका आहे असे कोणी सांगितले तर ते खरे नाही आणि आकडे ऐकून घर सोडून पळावे असेही ते नाहीत. मात्र तुमचा धोका या सरासरीपेक्षा जास्त आहे का, हे विचारायला हवे. ज्यांच्या पोटात पाणी आहे, प्लेटलेट बऱ्याच कमी आहेत, रक्त गोठायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी मानेच्या शिरेतून नळी सरकवत यकृताच्या शिरेपर्यंत जाऊन आतून तुकडा घेण्याची पद्धत आहे. रक्त आलेच तर ते शिरेतच राहते, पोटात सांडत नाही. ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. 'माझ्यासाठी कोणता मार्ग योग्य आणि तो इथे होतो का?' हा प्रश्न त्यासाठी. होत नसेल तर जिथे होतो तिथे पाठवायला सांगण्यात कमीपणा नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत मी जरा थांबून लिहितो, कारण इथे दोन्ही बाजूंनी घोटाळे होतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, एसीट्रोम, रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन, या गोळ्या घेणारे हजारो लोक आपल्याकडे आहेत आणि कित्येकांना त्या 'हृदयाच्या गोळ्या' म्हणूनच माहीत असतात. बायोप्सीच्या आधी यांतल्या बहुतेक काही दिवस थांबवतात: वॉरफरिन साधारण पाच दिवस, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल काही दिवस ते दहा दिवस, बाकीच्या किडनी कशी चालते त्यावर. पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. नुकताच स्टेंट बसवला असेल, हृदयात कृत्रिम झडप असेल, तर गोळी थांबल्याने हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊ शकतो आणि त्या धोक्यापुढे बायोप्सीचा धोका लहान आहे. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून कोणती गोळी कधी बंद आणि कधी परत सुरू, हे कागदावर लिहून घ्या. परत कधी सुरू करायची, हा भाग हमखास विसरला जातो. रुग्ण घरी येतो, जखम भरते आणि महिना लोटला तरी रक्ताची गोळी बंदच राहते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या दुकानातून सहज मिळतात म्हणून त्यांची आठवण राहत नाही. त्याही सांगा.

तपासणीच्या दिवसाविषयी थोडेच सांगतो, पुढच्या पानांवर ते सविस्तर आहे. उपाशी किती तास राहायचे, हे रुग्णालयागणिक वेगळे असते. काही ठिकाणी सहा तास, तर काही ठिकाणी हलका नाश्ता करूनही चालतो. मधुमेह असेल तर सकाळची इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा, नाहीतर उपाशीपोटी साखर उतरते. सोनोग्राफीने जागा पाहून बरगड्यांमध्ये भूल देण्याचे इंजेक्शन देतात. ते काही क्षण चुरचुरते. मग श्वास सोडून धरायला सांगतात, कारण श्वासाबरोबर यकृत वर-खाली सरकते आणि सुई आत असताना ते स्थिर हवे. हे दोन-चार वेळा घरी करून पाहिले तर ऐनवेळी गोंधळ होत नाही. वृद्धांना आणि ज्यांना ऐकू कमी येते त्यांना हा सराव करवून घ्याच आणि डॉक्टरांना तसे सांगा.

नंतर साधारण दोन तास उजव्या कुशीवर आणि मग पाठीवर झोपवतात, नाडी आणि बीपी सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी पाहतात. उजव्या खांद्यात दुखले तर घाबरू नका. यकृताच्या वरचा पडदा आणि खांदा यांच्या संवेदना पाठीच्या कण्याच्या एकाच भागात पोचतात म्हणून मेंदूला तसे वाटते. ते दुखणे वाढत गेले, घाम सुटला, चक्कर आली, पोट कडक झाले तर मात्र ताबडतोब सिस्टरला सांगायचे, 'थोडे सोसू' असे म्हणायचे नाही. आपल्या घरातल्या बायकांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या सोसतात. घरी गेल्यावर काळी शौच, डोळे पिवळे होणे, ताप, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तर, मग ते आठवड्याने का होईना, परत यायचे.

आणि एक आग्रहाची विनंती. बीड, नांदेड, गडचिरोली, सिंधुदुर्ग अशा लांबच्या ठिकाणांहून लोक मुंबई-पुण्याला बायोप्सीसाठी येतात आणि खोलीचा खर्च वाचवायला त्याच रात्रीच्या एसटीने परत निघतात. वर दिलेला चोवीस तासांचा आकडा पुन्हा वाचा. ती पहिली रात्र रुग्णालयापासून तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी काढायला हवी. नातेवाइकाकडे, धर्मशाळेत, कुठेही. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे आधी चौकशी करा. निदान तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा की आम्ही इतक्या लांबून येतो.

आता त्या सहीबद्दल, जिच्यावरून या प्रस्तावनेला नाव दिले. आपल्याकडे संमतिपत्र बहुधा तपासणीच्या अगदी आधी, स्ट्रेचरवर असताना पुढे येते. ते कित्येकदा इंग्रजीत असते आणि सही मुलगा किंवा नवरा करतो. रुग्ण स्वतः शुद्धीवर, सज्ञान, समजून घ्यायला समर्थ असतो, तरी त्याला कोणी विचारत नाही. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही बाब स्पष्ट केली आहे. सज्ञान रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत असताना, तातडीचा प्रसंग नसेल तर, आईचीसुद्धा संमती त्याच्या संमतीच्या जागी चालत नाही. तपासणीला दिलेली संमती उपचाराला दिलेली संमती ठरत नाही. आणि डॉक्टरांनी तपासणीचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि ती न केल्यास काय होईल, हे पुरेसे सांगायला हवे. हे रुग्णाच्या बाजूचे बळ आहे आणि ते भांडणासाठी वापरायची गरज क्वचितच पडते. 'सही मी करणार आहे, मला मराठीत समजावून सांगा' एवढे म्हणणे बहुतेक वेळा पुरते. कागद आदल्या दिवशी मागून घरी वाचता आला तर आणखी चांगले.

घरच्या माणसांनाही सांगायचे आहे. आईला कळले तर ती खचेल, म्हणून तिला बाहेर बसवून डॉक्टरांशी आपणच बोलायचे, ही आपली प्रेमाची रीत आहे. पण सुई तिच्या अंगात जाणार आहे, श्वास तिला धरायचा आहे आणि खांदा तिचा दुखणार आहे. तिला आत घ्या. तिचे प्रश्न तुमच्या प्रश्नांपेक्षा वेगळे निघतील. दुखेल का, किती वेळ लागेल, नातवाला कधी उचलून घेता येईल. त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर साधारण आठवडाभराने असे आहे, तोवर जड काही उचलायचे नाही.

रिपोर्ट किती दिवसांत येईल, हेही सुरुवातीलाच विचारून ठेवा. साधा रिपोर्ट काही दिवसांत होतो, खास रंग किंवा कल्चर असेल तर जास्त वेळ लागतो, क्षयरोगाच्या कल्चरला तर काही आठवडे. रिपोर्ट मोबाइलवर आला की त्यातला 'स्टेज ३' वाचून रात्र जागून काढू नका. चट्ट्यांचा टप्पा आणि कॅन्सरचा टप्पा या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट समजावून कोण सांगणार आणि त्यासाठी वेळ कधीची, हे तपासणीच्या दिवशीच ठरवून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तर नुसता कागद पुरत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या, त्यावरून दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहून मत देऊ शकतो. माझ्या व्यवसायातल्या कोणालाही त्यात अपमान वाटत नाही, वाटूही नये. रुग्णाने कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यायला हवीत, असा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच नियम आहे.

या पुस्तिकेच्या शेवटी काही पाने कोरी ठेवली आहेत. डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, रुग्णाच्या शेजारी बसून, त्याचे प्रश्न त्याच्याच शब्दांत त्यांवर लिहा, कितीही साधे वाटले तरी. दुसऱ्या दिवशी ती पाने सोबत न्या, एकेक प्रश्न विचारा, समोरच उत्तर लिहून घ्या आणि मगच संमतिपत्र हातात घ्या.